खिडकीसमोरची ओळ

३ फेब्रुवारी

रोजनिशी लिहायला माणसाजवळ एक तर गुपित लागतं, नाहीतर रिकामा वेळ. माझ्याजवळ दुसरी गोष्ट मुबलक आहे. ही सकाळी प्रयोगशाळेत जाते, सासूबाई त्यांच्या खिडकीशी बसतात, आणि मी, एका दूरच्या दैनिकाचा वार्ताहर, जिथे वार्ता म्हणून काही घडतच नाही अशा जागी टेबलाशी बसतो. संस्कृत शिकलेल्या माणसाने स्वतःचं वर्णन व्याकरणातच करावं: या केंद्रात मी अव्यय आहे. लिंग, वचन, विभक्ती काहीही असो, मी आहे तसाच राहतो. आणि वाक्यातून काढलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

हे कसाव्याचं, म्हणजे ज्या झाडाच्या मुळापासून साबुदाणा होतो त्याचं, संशोधन केंद्र. चहूकडे कसावा, तोही डोक्यावरून जाणारा. मध्ये प्रयोगशाळा, गोदाम आणि आमच्या बैठ्या घरांची रांग. भोवती कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकापलीकडे रस्ता. ही वनस्पतींच्या रसायनांची अभ्यासक. तिच्या नोकरीपायी आम्ही इथे आलो ते 'फक्त वर्षभरासाठी'. ते वर्ष अजून चालू आहे. मुलगी याच वर्षात शाळा संपवून, कॉलेज करून, नोकरीला लागून शहरात गेली.

सासूबाईंची तब्येत मात्र अलीकडे सुधारली आहे. गुडघ्यांमुळे त्या उंबरा ओलांडत नाहीत, आणि खिडकीबाहेर नुसती पानंच पानं, म्हणून चिडचिड करायच्या. गेल्या महिन्यात ही प्रशिक्षणाला गेली आणि तेव्हापासून त्यांना खिडकीतून थेट फाटकापर्यंत दिसू लागलं. कोण आलं, कोण गेलं, कुणाची छत्री कुणाच्या हातात, सगळं मला तिथून कळतं. घरात खरा वार्ताहर एकच आहे, आणि तो मी नाही.

काल ही परतली आणि आल्या आल्या भडकली. तिच्या पश्चात संचालकांनी तिचा सत्तेचाळीस क्रमांकाचा वाण परस्पर खणून काढला होता. तीन जागी लावलेल्या तीन ओळींपैकी एक, आमच्या खिडकीसमोरची. पाहुणे आले होते, त्यांना खणणी दाखवायची होती, आणि बाकीच्या दोन ओळींकडे जाताना बुटांना चिखल लागला असता.

"शास्त्रात बुटांचा विचार कुठे करतात?" मी विचारलं.

"संचालकांच्या शास्त्रात पहिला तोच," ही म्हणाली.

५ फेब्रुवारी

आज मी पुन्हा 'कंद' म्हणालो आणि पुन्हा बोलणी खाल्ली.

"कंद बटाट्याचा. हे मूळ. बटाट्याला डोळे असतात. उपटला तरी त्याला पुन्हा उगवायचं असतं, म्हणून तो महिनोन् महिने दम धरून पडून राहतो. याला डोळाच नाही. झाडापासून तुटलं की टिकून राहायला काही कारणच उरत नाही. दोन-तीन दिवसांत आतून निळं."

हे मूळ मला एकाएकी फार जवळचं वाटलं. "जंतू लागतात का?"

"नाही. कीडही नाही. तुटलं की जखम होते, जखमेतून हवा शिरते, आणि मूळ घाबरून जखम भरायला धावतं. त्या गडबडीत स्वतःचीच रसायनं भसाभस तयार करतं. त्यांना हवा लागली की शिरांशिरांतून निळ्या-काळ्या रेघा उठतात. बाहेरून धडधाकट."

"म्हणजे मारणारा कुणीच नाही."

"स्वतःच्या घाईने जातं," ही म्हणाली आणि चहा न पिता निघून गेली.

म्हणून तर कसावा लावणारा माणूस खणल्या दिवशीच पिठाच्या कारखान्याकडे धावतो. वाटेत गाडी बंद पडली की माल गेला. आठवडाभर पांढरं राहणारं मूळ कुणी शोधलं, तर कितीतरी माणसं पहिल्यांदा सावकाश चालतील. हिची इतकी वर्षं त्या एका मुळामागे गेली आहेत.

८ फेब्रुवारी

सत्तेचाळीस पांढरा निघाला.

इथली परीक्षा अशी. मुळाचे वीतभर तुकडे करायचे, एका टोकाला प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा, दुसरं टोक हवेला उघडं ठेवायचं. काही दिवसांनी चकत्या कापून तीन माणसांपुढे मांडायच्या. पांढऱ्याशुभ्र चकतीला शून्य, पूर्ण निळीला दहा. गुण देणाऱ्यांना वाण कोणता हे सांगायचं नाही. शून्यवाला पहिला येतो. मी अशा शाळेत असतो तर फार पुढे गेलो असतो.

आज सगळ्या चकत्यांना शून्य, क्वचित एक. संध्याकाळी संचालक घरी आले. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "तुम्ही संस्कृतवाले. नाव सुचवा. सत्तेचाळीस म्हणजे खोलीचा नंबर वाटतो."

मी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. "अक्षरा," म्हणालो. "जी क्षरत नाही ती. झडत नाही, झिजत नाही."

"अहो, दोन ओळी अजून जमिनीत आहेत," ही म्हणाली. "बारसं नंतर करा."

"मॅडम, विनय पुरे," संचालक म्हणाले. "पुढच्या महिन्यात जाहीर करायचं. ते झालं की मुख्य केंद्रात तुमची खुर्ची तयार. मी शब्द टाकलाय. त्या दोन ओळी सावकाश खणा, समारंभानंतर."

मुख्य केंद्र शहरात आहे. माझ्या दैनिकाची कचेरी शहरात, मुलगी शहरात, सासूबाईंच्या गुडघ्यांचा डॉक्टर शहरात. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "तिथे लिफ्ट असते ना हो?" त्यांना ऐकू कमी येतं, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

११ फेब्रुवारी

बदलीच्या कल्पनेने माणूस किती हळवा होतो. ही आज गोदामामागच्या ढिगातून अक्षराचा एक छाटलेला बुंधा घेऊन आली. त्यावर बोटाएवढे हिरवे कोंभ. ग्लासभर पाण्यात ठेवून ती त्याच्याकडे बघत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिने घरात कधी फूल म्हणून आणलं नाही.

"छान दिसतोय," मी म्हणालो.

"खणून दहाच दिवस झालेत. एवढे कोंभ दहा दिवसांत येत नाहीत."

"जोमदार वाण आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तुमचा लेख लिहा," म्हणाली.

१३ फेब्रुवारी

हिचं काही कळत नाही. आनंदाने नाचायचं सोडून सकाळी शेतावरच्या मुकादमाला घेऊन पलीकडच्या वाफ्यात गेली आणि जुन्या, साध्या वाणाच्या एका ओळीचे शेंडे उडवायला लावले. हा सगळ्यात नाशवंत वाण. दुसऱ्याच दिवशी निळा पडतो. चांगली उभी झाडं, त्यांची मुंडकी छाटली. मुकादम परत येताना विळा असा लपवून आणत होता, जणू खून करून आला.

राग काढायला लोक भांडी आपटतात. रसायनवाल्यांची रीत वेगळी असेल. राग कशाचा, ते मात्र विचारायची छाती झाली नाही.

१७ फेब्रुवारी

लेख छापून आला. मथळा माझाच: 'काळाला न भिणारं मूळ'. संपादकांनी एक विशेषणसुद्धा कापलं नाही, यावरून त्या दिवशी दुसरी बातमी नसावी.

सासूबाईंना वाचून दाखवला. मान डोलवत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "जावईबापू, ही अक्षरा म्हणजे माझ्या खिडकीसमोरची झाडं होती, तीच का?"

"तीच."

"आणि यावर तिची बदली अवलंबून?"

"तिची, माझी, तुमचीसुद्धा."

संध्याकाळी पाहतो तर खुर्ची खिडकीपासून ओढून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. म्हटलं, वय झालं, मनात काही येत असेल.

१९ फेब्रुवारी

आज ही प्रयोगशाळेत गेल्यावर सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. घरात आम्ही दोघंच होतो.

"तुम्हाला म्हणून सांगते. तिला सांगाल तर माझ्या गळ्याची शपथ."

शपथ आधी, मजकूर नंतर. वकिलांना जमणार नाही असा व्यवहार.

"ती प्रशिक्षणाला गेली ना, तेव्हा मी मुकादमाला म्हटलं, बाबा रे, या पानांपलीकडे माणूस नावाचा प्राणी उरलाय की नाही तेवढं मला बघू दे. तो म्हणाला, मॅडमना येऊ द्या. मी म्हटलं, मॅडमला जन्म कुणी दिला?"

"मग?"

"मग काय, त्याने शेंडे उडवले. बुंधे ठेवले हो, गुडघ्याएवढे. मुळांना हात नाही लावला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ते संचालक आले नि खणून मोकळे झाले. त्यांना वाटलं, खणायची तयारी म्हणूनच छाटलीत. माझं काही चुकलं का?"

मला हसू आलं. म्हटलं, "आई, शेंड्याचा आणि मुळाचा संबंध काय? एक वर, एक खाली."

"मी तेच म्हटलं त्याला."

दोघांचं एकमत झालं. खुर्ची परत खिडकीशी लावून दिली.

२० फेब्रुवारी

तरी खात्री करून घ्यावी म्हणून आज सकाळच्या चहाला विषय काढला. फार आडून काढला. वार्ताहराला ते साधतं.

"समजा, एखाद्या कसाव्याचे शेंडे कुणी खणण्याच्या दोन-तीन आठवडे आधी छाटले, तर मुळाला काही होतं का?"

हिने कप खाली ठेवला.

"होतं. वरून अन्न येणं बंद झालं की मूळ आधीच सावध होतं. आतली साखर बदलते. मग पुढे तुटलं तरी इतकं घाबरत नाही, बरेच दिवस पांढरं राहतं. कुठलाही वाण घ्या. जुनीच गोष्ट आहे, माझा शोध नव्हे. पण पीठ कमी उतरतं, आणि शिजवून खाल्लं तर कडक लागतं, म्हणून कुणी करत नाही." मग सावकाश म्हणाली, "कुणी म्हणजे कोण?"

"उगाच. लेखासाठी."

"लेख छापून आला ना?"

"पुढच्या."

ती आईच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. "आई मध्ये दोन दिवस भिंतीकडे तोंड करून का बसली होती?"

"ऊन लागतं म्हणाल्या."

"उत्तरेच्या खिडकीतून?"

मी वर्तमानपत्र उघडलं. सुदैवाने तिला संशय आला नाही.

त्याच दिवशी, दुपारी

सुदैव कसलं. टेबलाशी बसल्यावर डोकं चालायला लागलं. अक्षरा पांढरी राहिली ती अक्षरा म्हणून नव्हे. शेंडे छाटलेलं कुठलंही मूळ पांढरंच राहिलं असतं. आणि तिचे शेंडे छाटले होते, हे जगात तीन माणसांना माहीत आहे. सासूबाईंना त्याचा अर्थ माहीत नाही. मुकादम बोलणार नाही. उरलो मी, आणि माझ्या गळ्यात दुसऱ्याच्या गळ्याची शपथ.

सांगावं तर हिची इतक्या वर्षांची एकच वर जाणारी पायरी मी माझ्या हाताने काढतो. न सांगावं तर समारंभ होईल, लोक माझा लेख वाचून रोपं नेतील, निवांत गाडी भरतील, आणि कारखान्याच्या दारात मूळ चिरल्यावर आतून निळं निघेल. तेव्हा नाव हिचंच घेतलं जाईल. वाणाचं नाव ठेवणारा मी, मला कोण विचारतो.

खोलीत दोन दारं आहेत. दोन्ही आत उघडतात.

२४ फेब्रुवारी

मुकादम पाण्याच्या टाकीपाशी भेटला. चार बाजूंना बघून जवळ आला.

"साहेब, म्हातारबाई काही बोलल्या का?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे बोलल्या." त्याने कपाळ पुसलं. "मी नको म्हणत होतो, साहेब. पण त्या रोज खिडकीतून हाक मारायच्या. शेवटी शेवटी तर माझ्या बायकोची चौकशी करायला लागल्या. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"मॅडमना सांग ना मग."

"तुम्ही नवरा असून सांगत नाही," तो म्हणाला. "मी तर नोकर."

आम्ही दोघांनी टाकीची पातळी बघितली. पातळी ठीक होती.

२८ फेब्रुवारी

मुलीचा फोन. आजीसाठी तळमजल्याचं घर बघून ठेवलंय, खिडकीसमोर बाग आहे, माणसांची सारखी ये-जा. सासूबाईंनी सगळं ऐकून फोन माझ्या हातात दिला आणि नंतर विचारलं, "जावईबापू, त्या शेंड्यांचं खरंच काही नाही ना?"

"काही नाही," मी म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज फार स्वच्छ लागतो, हे नवीन कळलं.

ही दोन पेट्या माळ्यावरून काढून बसली होती. एकीत पुस्तकं भरली. थोड्या वेळाने येऊन बघतो तर पुस्तकं परत फळीवर. सांगायचं ठरवून मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "बोला."

"त्या पेटीचं कुलूप गंजलंय."

"हो," ती म्हणाली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. हल्ली मला तिची नजर सोसत नाही. यश मिळालं की माणसं परकी होतात, ते असंच असावं.

३ मार्च

हिने काल उरलेल्या दोन्ही ओळी खणून काढल्या. संचालकांना न विचारता, ते दौऱ्यावर असताना. शेंडे खणायच्या दिवशीच छाटले, आणि प्रत्येक झाडाशी स्वतः उभी राहिली. त्याच दिवशी पलीकडचा तो मुंडकी उडवलेला साधा वाणही खणला. संध्याकाळी कोपरापर्यंत माती घेऊन घरी आली आणि म्हणाली, "पाच तारखेला गुण द्यायला तुम्ही या. रोजच्या मंडळींना वाण ओळखू येतात. मला ज्यांना काही माहीत नाही अशी माणसं हवीत."

"मी म्हणजे त्यात अग्रगण्य," मी म्हणालो.

ती हसली नाही.

रात्री जेवताना एक बेत मनात आला. तो इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. चकती निळी दिसली तरी कमी गुण द्यायचे. एका माणसाची नजर जरा अधू असली तर शास्त्राचं काय बिघडतं?

५ मार्च

प्रयोगशाळेत लांब टेबल, वर पांढऱ्या थाळ्या. आम्ही तिघं: मी, कचेरीतला कारकून आणि फाटकावरचा पहारेकरी. पहारेकऱ्याने चष्मा घरी विसरल्याचं सांगून पाहिलं. हिने ड्रॉवरमधून एक काढून दिला. थाळ्यांवर फक्त अक्षरं: क, ख, ग.

मी बेत मनात धरून 'क'पाशी गेलो आणि उभाच राहिलो. चकत्या दुधासारख्या पांढऱ्या. 'ख' आणि 'ग' मात्र भयंकर. सालीखाली निळं वलय, मधून काळ्या रेघा, शाई सांडल्यासारखं. मला क्षणात सगळं उमगलं. 'ख' आणि 'ग' म्हणजे तो बिचारा साधा वाण, आणि 'क' म्हणजे अक्षरा. शेंडे छाटा की न छाटा, अक्षरा टिकतेच. एवढे दिवस मी उगाच जीव टांगणीला लावून बसलो होतो. माझी बायको खरी होती आणि मी मूर्ख होतो, यासारखं सुख नाही.

'क'ला शून्य दिलं. आणि फरक नीट दिसावा म्हणून 'ख' आणि 'ग'च्या बाबतीत हात सैल सोडला. नऊ. नऊ. एकीला दहासुद्धा.

मंडळी गेल्यावर ही आकडे मांडत बसली. मी थाळ्या उचलायला मदत करत होतो.

"कारकुनाने सात दिलेत," ती म्हणाली. "पहारेकऱ्याने आठ. तुम्ही नऊ."

"दिसलं ते दिलं."

"बरं केलंत. 'ख' आणि 'ग' अक्षरा आहे."

माझ्या हातात थाळी होती. ती मी टेबलावर ठेवली. पडली नाही, एवढं त्या थाळीच्या बाजूने सांगतो.

"आणि 'क'?"

"साधा वाण. शेंडे छाटलेला."

बाहेर कुणीतरी पंप सुरू केला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"बुंध्याचे कोंभ पाहिले तेव्हा. छाटून तीन आठवडे झाल्याशिवाय तसे फुटत नाहीत. तुम्हाला?"

"मी बोलू शकत नव्हतो. शपथ होती."

"आईची."

"मी नाव घेतलेलं नाही."

"नाही. शपथ चोख पाळलीत," ती म्हणाली. "चहाच्या वेळी फार आडून विचारलंत, तेव्हाच बाकीचं कळलं."

मी म्हणालो, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"संचालकांना नुसता बुंधा दाखवला असता, तर म्हणाले असते, जोमदार वाण आहे." मी खाली बघितलं. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आणि मलाही वाटत होतं ना. शेंडे छाटले म्हणून ती पहिली ओळ वाया गेली, एवढंच सिद्ध झालं होतं. या दोन ओळी निघेपर्यंत अक्षरा खरीही निघू शकत होती. तेवढे दिवस मी ते नाव मनात घेत होते. चांगलं नाव आहे."

याआधी ती त्या नावाला एकदाही चांगलं म्हणाली नव्हती.

७ मार्च

संचालक दौऱ्यावरून परतले ते थेट घरी आले. चहा मागवला, म्हणजे भांडायचं नव्हतं.

"मॅडम, या दोन ओळी आपण खणल्याच नाहीत असं समजू. पुढच्या वर्षी पुन्हा लावा, मग बघू. समारंभ ठरलाय, पाहुणे ठरलेत."

"खणलेलं परत पुरता येत नाही," ही म्हणाली.

"मग दुसरा मार्ग. केंद्राचा दोष नाही, छाटणाऱ्याचा दोष. कुणीतरी आगाऊपणा केला, प्रयोग बिघडवला, आपण त्याला काढून टाकलं, आणि केंद्राचं नाव राहिलं. कुणी छाटले शेंडे?"

मुकादम दारात उभा होता. संचालकांनीच त्याला सोबत आणलं होतं. त्याचा चेहरा 'ख' थाळीतल्या चकतीसारखा झाला.

"मी," ही म्हणाली.

"मी," मी म्हणालो, त्याच क्षणी.

संचालकांनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. "एक विळा दोघांनी धरला होता का?"

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. सासूबाई स्वतःच्या पायांनी बाहेरच्या खोलीत आल्या. त्यांनी असं केल्याला किती काळ लोटला, आठवत नाही. ही खुर्ची पुढे करायला उठली तर हाताने थांबवलं.

"ही तेव्हा इथे नव्हती. आणि जावयांना विळा कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही. मी छाटायला लावले. काढायचं तर मला काढा."

"आजी, तुम्ही नोकरीत नाही."

"मग बघा तुम्हीच, कसं काढता ते. मी तर तयार उभी आहे."

"पण विळा चालवणारा..."

"त्याने माझं ऐकलं. तुम्ही पाहुण्यांच्या बुटांचं ऐकलंत. त्याला काढलंत तर तुम्हीही निघा."

मुकादम जमिनीकडे बघत होता. मी छताकडे. हसू आवरायच्या प्रत्येकाच्या जागा ठरलेल्या असतात.

संचालकांनी चहा संपवला. वाईट माणूस नाहीत. त्यांचीही कुठेतरी वरची खुर्ची असणार, आणि ती याच मुळाला टांगलेली असणार. उठताना म्हणाले, "मॅडम, मुख्य केंद्रातली जागा अक्षरासाठी होती."

"माहीत आहे," ही म्हणाली.

ते गेल्यावर सासूबाई मटकन खाली बसल्या. "बागेसमोरचं घर होतं ना गं," म्हणाल्या. हिने त्यांचे गुडघे चोळायला घेतले. बराच वेळ चोळत होती.

१० मार्च

दैनिकासाठी खुलासा लिहिला. हिला दाखवला. तिने 'दुर्दैवाने' खोडलं, 'अनवधानाने' खोडलं, 'निसर्गाच्या अगाध लीलेमुळे' तर दोनदा खोडलं. उरलं ते चार ओळींचं: या वाणाबद्दल मी लिहिलं होतं ते खरं नाही, मुळं खणण्याआधी छाटणी झाली होती, छाटणी न केल्यास ती इतर वाणांसारखीच खराब होतात, हा वाण लागवडीसाठी नेऊ नये.

"यात माझी शैली कुठे आहे?" मी विचारलं.

"खाली नाव आहे ना," ती म्हणाली.

२५ मार्च

मुख्य केंद्रातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं आज कळलं. मुलीने तळमजल्याचं घर सोडून दिलं. फोनवर म्हणाली, "मग आता?" मी म्हणालो, "मग काही नाही."

पेट्या माळ्यावर गेल्या. हिने पन्नास आणि एकावन्न क्रमांकांचे वाण खणले. मला कायमचा गुण देणारा नेमलंय. पगार नाही, पण चष्मा मिळाला. दुपारी टेबलाशी उभा राहून चकत्या बघतो. एका थाळीत आज बऱ्यापैकी पांढऱ्या निघाल्या. मी एक दिला.

"पुन्हा बघा," ही म्हणाली.

चकती उजेडाकडे नेली. खूप वेळ फिरवून पाहिली. आत, शिरेच्या कडेला, केसाएवढी एक निळी रेघ होती.

"दोन," मी म्हणालो.

तिने दोन लिहिले.